एवढंसं ते, त्याला म्युझियम कशाला म्हणायचं?

मुंबईहून गोव्याला निघालेली मंडळी कुडाळात आमच्याकडे चहाला टेकतात. जुने विद्यार्थी असतात, नात्यातले असतात, कधी विद्यार्थ्यांचे मित्र. मी त्यांना पिंगुळीला पाठवते. "वाटेतच आहे, गाडी हायवेवरून थोडी आत घ्या, तासभर काढा," असं सांगते. ती जाऊन येतात आणि मग फोनवर ठरलेला प्रश्न येतो: "बाई, छान होतं, पण एवढंसं ते. त्याला म्युझियम कशाला म्हणायचं?" अमेरिकेतल्या भाच्यानं तर सरळ विचारलं, "मावशी, हे म्युझियम आहे की कुणाचं घर?"

तुम्हीही विचारलंत म्हणून आता एकदा नीट लिहूनच ठेवते. पुढच्यांना हेच पाठवून देईन.

पिंगुळी म्हटलं की इकडच्या माणसाला आधी राऊळ महाराजांचा मठ आठवतो. त्याच गावात गुढीपूर नावाची वाडी आहे, ठाकर समाजाची. तिथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' नावाची जागा आहे. परशुराम गंगावणे यांनी ती २००६ साली उभी केली, आणि कुठे, तर घरच्या गुरांच्या गोठ्यात. गोठा मोकळा केला, डागडुजी केली आणि तिथे चित्रं, बाहुल्या, वाद्यं मांडली. शहरातल्या पाहुण्यांना हे ऐकून गंमत वाटते. मला वाटत नाही. कोकणातल्या घरात गोठ्याइतकी काळजी घेऊन बांधलेली दुसरी जागा क्वचितच असते. स्वयंपाकघराचं छप्पर गळलं तर माणसं पातेलं ठेवून पावसाळा काढतात, गोठ्याचं छप्पर मात्र मिरगाच्या आधी शाकारलेलंच हवं. आणि मोकळी करून देता येईल अशी जागा ज्याच्याकडे एकच आहे, तो माणूस ती भाड्यानं देऊ शकला असता, दुकान घालू शकला असता. तेव्हा पाहुण्यांनी हसावं, पण ते दुसऱ्या कशाला तरी.

आत काय आहे, ते आधी सांगते, कारण नुसतं बघून आलेल्यांनाही ते कळलेलं नसतं.

तीन गोष्टी मुख्य. एक, चित्रकथीची चित्रं. दोन, कळसूत्री बाहुल्या, म्हणजे लाकडाच्या, दोऱ्यांवर नाचवायच्या. तीन, चामड्याच्या बाहुल्या, पडद्यामागे दिवा लावून ज्यांची सावली दाखवतात त्या. याशिवाय वाद्यं, वेश, आणि समाजाच्या इतर कलांच्या खुणा. पांगूळ बैल, राधानृत्य, गोंधळ, पोवाडा धरून अकरा कला आमच्याकडे आहेत, असं तिथली माणसं सांगतात. यातली चित्रकथी ही सर्वांत नाजूक, आणि मी चित्रकलेची शिक्षिका असल्यामुळे माझा जीव तिच्यातच अडकलेला. तेव्हा बाहुल्यांवर अन्याय होणार आहे, तो समजून घ्या.

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून कथा सांगणं. प्रथा फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. घाटावर तर चित्रकथी नावाची जातच होती. बंगालात पटुआ, राजस्थानात फड वाचणारे भोपे, गुजरातेत गरोडा, असे या कुळातले नातेवाईक देशभर आहेत. त्यांच्यातले बरेच जण लांबलचक पट उलगडतात. आमच्याकडे पट नाही, सुटी पानं आहेत. एक पान साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचं. एका कथेची तीस-चाळीस-पन्नास पानं एकत्र करून कापडात बांधलेली असतात, त्या बांधणीला 'पोथी' म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक चित्र सांगून झालं की पान फिरवायचं, दुसरं समोर. सांगणारा मांडी घालून बसतो, चित्र लोकांकडे तोंड करून उभं धरलेलं असतं, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. हुडूक म्हणजे मध्ये चिमटलेलं, खांद्याला अडकवून हातानं वाजवायचं चर्मवाद्य.

आता शाळेतल्या बाईसारखं बोलते. या चित्रांत मागचं काहीच नसतं. झाडं, डोंगर, आभाळ, यांतलं काही नाही. असलंच तर एखादं झाड, तेही कथेत काम असेल तरच. माणसं पानभर उभी. चेहरा एका बाजूनं, नाक टोकदार, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पूर्ण, मोठा. रेषा आधी, मग तिच्या आत रंग सपाट भरलेला: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, आणि काठाला काळा. दागिने, कपड्यांच्या किनारी ठिपक्या-ठिपक्यांनी उठवलेल्या. पूर्वी रंग मातीचे, दगडांचे, झाडपाल्याचे असत, आता बाजारातलेही चालतात. छायाप्रकाश नाही, दूर-जवळ नाही. परीक्षेला एखाद्या मुलानं असं काढलं असतं तर आम्ही मंडळींनी त्याचे गुण कापले असते. पण हे पान हातात घेऊन चार पावलं मागे जा. अंगणात पेटवलेल्या दिव्याच्या उजेडात, दहा-बारा रांगा मागे बसलेल्याला कोण कुणाशी भांडतंय हे त्यावरून कळतं. दूर-जवळ दाखवलं असतं तर कळलं नसतं. छायाबाहुल्या आणि ही चित्रं एकाच घरात तयार झाली, हेही इथे दिसतं. बाजूनं काढलेला चेहरा आणि ठसठशीत कड ही सावलीचीच गरज.

पोथीतल्या कथा रामायण-महाभारतातल्या, पण आपण शाळेत वाचतो त्या मुख्य रस्त्यावरच्या कमी. आडवाटेच्या जास्त. अहिरावण-महिरावण, बब्रुवाहन आणि अर्जुनाची लढाई, जालंदराचा वध. सगळ्यांत मजा असते ती लढाईच्या पानांत: रथ, बाण, राक्षसांचे सुळे. वनवासात बसून दोघं बोलतायत अशी पानंही खूप असतात. ती एकमेकांसारखी दिसतात, आणि पाहुणे तिथेच कंटाळतात. त्यात त्यांचा दोष नाही. ती पानं बघण्यासाठी नाहीतच, त्यांच्यावर सांगणारा बोलतो, गातो. चित्र शांत असतं तेव्हा त्याचं बोलणं चढतं, आणि लढाईचं पान आलं की चित्राला काम करू देऊन तो टाळ-हुडूक वाढवतो.

शेजारच्या काकी नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना लहानपणीची देवळातली चित्रकथी आठवते. मी त्यांना एकदा विचारलं, चित्रं कशी होती, रंग कसे होते. म्हणाल्या, "आमका मागसून कायच दिसा नाय गो, पण आयकाक येय." मागून काही दिसायचं नाही, पण ऐकायला यायचं. मला वाटतं, पिंगुळीच्या म्युझियमबद्दल जे काही म्हणायचं आहे ते या एका वाक्यावर उभं करता येईल.

कारण हे चित्र भिंतीवर टांगायची वस्तू कधीच नव्हतं. वर्षातून ठरलेल्या दिवसांत पोथी सोडायची, नवरात्र-दसऱ्याच्या सुमाराला ठरलेल्या देवळांत कथा लावायची, मग पुन्हा बांधून ठेवायची. कुठल्या घरानं कुठल्या देवळात जायचं याचे हक्क ठरलेले. सावंतवाडी संस्थानचा आश्रय या कलांना होता. शिवकाळात हे कलाकार गावोगाव फिरत आणि हेरगिरीही करत, असंही तिथे ऐकायला मिळेल. ती समाजाची स्वतःबद्दलची आठवण आहे, कागदोपत्री पुरावा म्हणून मी ती सांगत नाही. पण खेळ घेऊन दारोदार जाणाऱ्या माणसाला कुठल्या वाड्यात काय शिजतंय ते कळत असणार, यात अशक्य असं काही नाही. आणि फाटून-विरून गेलेल्या पोथीचं काय करायचं? तिची पूजा करून ती पाण्यात सोडायची, असं जुनी माणसं सांगतात. नवी काढायची ती जुनीवरून. म्हणजे पान टिकवायची धडपड नव्हती, पोथी चालू ठेवायची होती.

ही व्यवस्था कशी मोडली, ते लांबवत नाही. संस्थान १९४८ साली विलीन झालं, राजाश्रय गेला. मग सिनेमा आला, नंतर टीव्ही. देवळातल्या हक्काला मान राहिला, पण पोट भरेना. तरुण पोरं मुंबईला गेली, गिरण्यांत, हॉटेलांत. यात पिंगुळीचं वेगळं असं काही नाही, सगळ्या तळकोकणाची तीच कथा आहे.

वेगळं घडलं ते पोथ्यांचं. त्यांना बाहेर गिऱ्हाईक मिळालं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा चित्रांचा मोठा संच आहे. काकासाहेब केळकरांना ती पैठणात मिळाली, म्हणून अभ्यासकांनी या शैलीला 'पैठण चित्रं' म्हणायला सुरुवात केली, आणि जगभर तेच नाव रुळलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत परदेशी अभ्यासकांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि त्यांतल्या काहींनी पिंगुळीपर्यंत येऊन इथल्या चित्रकथींचीही नोंद केली. पैठणात चित्रं होती पण सांगणारे उरले नव्हते, आणि पिंगुळीत दोन्ही होतं. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांनी १९७७ साली चित्रकथीवर माहितीपट केला तो इथल्याच लोकांना घेऊन. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पैठण शैलीची चित्रं आहेत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही आहेत. मी त्यांना चोर म्हणत नाही. त्यांनी ठेवली म्हणून ती आज डोळ्यांनी दिसतात. नाहीतर आमच्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कपाटातल्या लग्नाच्या शालूला बुरशी धरते, तिथे शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाचं काय झालं असतं ते सांगायला नको.

पण त्या मोठ्या म्युझियमांतल्या चित्राखालची पट्टी कशी असते बघा. कथेचं नाव, अंदाजे काळ, प्रदेश, माध्यम: कागदावर रंग. बास. आवाजाबद्दल काही नसतं. काढणाऱ्याचं नाव नसतं, सांगणाऱ्याचं तर नसतंच. पाठीला पाठ लावलेलं दुसरं चित्र भिंतीकडे तोंड करून असतं. शिवाय चाळीस पानांच्या पोथीतली चार पानं एका शहरात, सहा दुसऱ्या, म्हणजे कथाच विखुरलेली. बब्रुवाहन एकीकडे बाण सोडतोय, अर्जुन दुसऱ्याच देशात पडतोय. म्युझियम म्हणून त्यांचं कुठे चुकलं असं नाही. पण वस्तू वाचली म्हणजे कला वाचली, असं आपण धरून चालतो, त्याला चित्रकथी हे उत्तम उलटं उदाहरण आहे.

आता २००६ कडे या. गोठ्यातलं हे आंगण उभं राहिलं तेव्हा समाजाकडे उरलेल्या पोथ्या किती, त्या कुणाकुणाकडे, हा प्रश्न होताच. बाहेरचा माणूस पैसे घेऊन दारात उभा असतो. घरात नड असते, पोरीचं लग्न असतं, दवाखाना असतो. अशा वेळी जुनं चामडं आणि जुने कागद विकणाऱ्याला मी कधी नावं ठेवणार नाही. पण काही घरांनी ते विकलं नाही, आणि एका घरानं ते सगळ्यांना बघता येईल असं मांडलं. इतिहास म्हणाल तर एवढाच आहे. त्यात भूमिपूजनाची कोनशिला नाही, राजाची देणगी नाही.

राजाच्या संग्रहालयाचं चांगलं उदाहरण हवं असेल तर सातारा जिल्ह्यात औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय बांधलं. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. छोट्या संस्थानाचा राजा, पण नजर केवढी! तिथे राजा रविवर्मा आहे, आणि चक्क हेन्री मूरचं दगडी शिल्पही आहे. मला औंध फार आवडतं. पण तिथे एका रसिकानं जगभरातलं चांगलं ते निवडून आपल्या रयतेसमोर आणून ठेवलं आहे. केळकरांचंही तेच, फक्त राजवाड्याऐवजी एका चष्म्याच्या दुकानदाराच्या जिद्दीनं, आणि तो सगळा संसार त्यांनी १९७५ साली सरकारच्या हवाली केला. पिंगुळीत कुणी काही निवडून आणलेलं नाही. जे आहे ते घरचं आहे, आणि त्याबद्दल सांगणाराही घरचाच.

भाच्यानं घर की म्युझियम असं विचारलं होतं, त्याला मी त्याच्याच देशातलं उत्तर दिलं. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियननं १९६७ साली अ‍ॅनाकोस्टिया या काळ्या लोकांच्या वस्तीत एक छोटं संग्रहालय उघडलं, तेही एका जुन्या सिनेमा थिएटरात. वस्तीतली माणसं राजधानीतल्या भव्य संग्रहालयांकडे फिरकत नव्हती, म्हणून संग्रहालयच वस्तीत नेलं. पुढे वस्तीनं ते स्वतःच्या गोष्टींसाठी वापरायला घेतलं. स्मिथसोनियनसारखी संस्था थिएटरात म्युझियम काढू शकते, तर ठाकरांनी गोठ्यात काढलं तर बिघडलं कुठे? त्यावर तो म्हणाला, "मावशी, त्यांच्याकडे पैसे होते." हे मात्र खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पैशांवरून आठवलं. म्युझियमच्या या वाटचालीत पर्यटनाचा हात मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला, १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळला गाड्या थांबू लागल्या. त्याआधी गुढीपुरात गोठा रिकामा करून चित्रं मांडली असती तर बघायला शेजारचीच माणसं आली असती, आणि त्यांना तर ती पाठच होती. बाहेरचा माणूस दारात येऊ लागला म्हणून दार उघडण्यात अर्थ आला. सावंतवाडीत गंजिफाचं, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांचं, असंच झालं. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवलं, मरायला टेकलेली ती कला उठली, आणि आज राजवाडा बघायला येणारा माणूस पत्त्यांचा जोड घेऊन जातो.

पर्यटनाचं बरंवाईट दोन्ही आहे. बरं हे की चित्रं काढायला हात लागले. नव्या पोरांना घरातच काम दिसलं. कागदावरचं चित्र विकत घेऊन माणूस जातो, त्यातून घर चालतं. वाईट हे की चाळीस पानांची कथा पंधरा मिनिटांत सांगावी लागते, कारण गाडीत बाकीचे हॉर्न वाजवत असतात. सांगणाऱ्याला मग सगळ्यात भडक पानं निवडावी लागतात, वनवासातलं बोलणं गळतं. विकायचं चित्रही हळूहळू विकत घेणाऱ्याच्या दिवाणखान्याकडे बघून काढलं जातं. एकट्या गणपतीला मागणी जास्त. पोथीत गणपती आरंभाला येतो, नमन झालं की कथा पुढे जाते. भिंतीवर मात्र तोच राहतो, कथा दुकानातच राहते. हे बोलले की लोक म्हणतात, बाई, तुम्ही फार कडक. असेन. पण मी स्वतः घेतलेलं चित्र लढाईचं आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्याची गोष्ट ऐकावी लागते.

२०२१ साली परशुराम गंगावण्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या दिवसांत कुडाळच्या बाजारात मासेवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकजण पिंगुळीचा पाहुणा असल्यासारखा बोलत होता. आनंद मलाही झाला. पद्म पुरस्कार माणसाला मिळतो, वाडीला मिळायची सोय नाही, ही त्या पुरस्काराचीच रीत. पण लक्षात ठेवा, ही कला एका घरची नाही. गंगावणे, मसगे अशा वेगवेगळ्या घरांत पोथ्या आणि बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि कुठल्याही भावकीत असतात तसे मानापमानही असतात. कुणी म्हणेल खरी पोथी आमचीच. तुम्ही पाहुणे आहात, त्यात पडू नका. दोन घरं बघता आली तर दोन्ही बघा.

बाहुल्यांवर अन्याय करणार म्हटलं होतं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंध्रातली तोलुबोम्मलाटा, कर्नाटकातली तोगलु गोंबेयाटा, तामिळनाडूतला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, हे सगळं आपण दक्षिणेतल्या कला म्हणून ओळखतो. पण हे खेळ करणारी बरीच घरं आजही घरात एक प्रकारची मराठी बोलतात. कर्नाटकातले किल्लेक्यात, आंध्रातले आरे, यांची घरची बोली मराठी वळणाची. खेळ कन्नडात किंवा तेलुगूत, आणि पडद्याआड दिवा सारखा करायला सांगताना मराठी. महाराष्ट्रात मात्र चामड्याची बाहुली बघायची तर फार जागा उरलेल्या नाहीत, पिंगुळी त्यातली एक. एवढ्याशा गोठ्यात काय बघायचं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. पिंगुळीची बाहुली लहान चणीची, आंध्रातल्या पुरुषभर उंच, रंगीत, आरपार उजेड जाणाऱ्या बाहुल्यांपुढे ती अगदी साधी वाटते. मला ती साधीच आवडते. पडद्यावर तिची सावली पडली की रंगाकडे लक्ष जात नाही, हालचालीकडे जातं.

मग, म्युझियम का म्हणायचं? मी म्हणते कारण तिथली माणसं म्हणतात, आणि ज्याची वस्तू त्यानं तिला काय म्हणावं हे ठरवायचा हक्क त्याचा. दुसरं कारण माझं स्वतःचं. चित्रकथीचं पान, ते काढणारा, त्याच्यावर गाणारा, वीणा, टाळ, हुडूक, आणि पान फिरवायची ती रीत, हे सगळं एका छपराखाली एका वेळी हजर असेल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. लंडनला नाही, पुण्याला नाही. त्यांच्याकडे पानं जुनी आहेत आणि दमट हवेपासून सुरक्षित आहेत. पिंगुळीकडे बाकीचं आहे. दोन्हीकडे अर्धं-अर्धं, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही, फक्त कुठलं अर्धं जास्त महाग आहे ते त्यानं काकींना विचारावं.

काळजीच्याही गोष्टी आहेत. एका कुटुंबाच्या खांद्यावर उभी असलेली संस्था ही त्या कुटुंबाच्या तब्येतीवर, पोरांच्या नोकरीवर अवलंबून असते. दमट हवेत काचेच्या फ्रेममध्ये कागद ठेवणं हे एकीकडे रक्षण, दुसरीकडे धोका, कारण आत ओल कोंडते. वाळवीचं तर विचारूच नका. मोठ्या संग्रहालयात यासाठी वेगळा विभाग असतो, पगारी माणसं असतात. इथे जो कथा सांगतो तोच झाडतो, तोच तुम्हाला चहा विचारतो. चित्रांचं डिजिटल रूप करून ठेवायला हवं, प्रत्येक पोथीची पूर्ण कथा, तीही पंधरा मिनिटांची नव्हे तर अख्खी, सांगणाऱ्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायला हवी. कॉलेजातल्या मुलांना मी हे सांगत असते. ती मान हलवतात आणि सेल्फी काढतात. पण त्यातली एक मुलगी खरंच रेकॉर्डर घेऊन जायला लागली आहे, तिचं नाव तिनं लिहू दिलं नाही म्हणून लिहीत नाही.

आता जायच्या गोष्टी. आधी फोन करून जा, घर आहे ते, कुणी शेतावर असतं, कुणी कार्यक्रमाला परगावी. चपला बाहेर. नुसतं फिरून बाहेर पडू नका, "कथा ऐकवाल का?" असं विचारा आणि खाली बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, कुणी हसणार नाही. मुलं कंटाळतील का, असं आया विचारतात. मुलं नाही कंटाळत, राक्षस येतो ना. बाप मोबाइल काढतात. ऐकल्यावर पैसे देताना घासाघीस करू नका. चित्र घेणार असाल तर कोणत्या कथेतलं, आधीचं पान कोणतं आणि नंतरचं कोणतं, ते विचारून घ्या, आणि जमलं तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून घ्या. पावसाळ्यात जाणार असलात तर चित्र गुंडाळायला प्लास्टिकची पिशवी घेऊन जा, आणि घरी पोहोचल्यावर पहिल्यांदा ती पिशवी काढून टाका, नाहीतर आतल्या आत बुरशी धरेल.